हबीबचाचांचा डबा

मी जात्याच घाबरट. घरातून निघताना गॅस तीनदा बघते, कुलूप दोनदा ओढते, आणि तरी कोपऱ्यावर गेल्यावर वाटतंच की आपण बघितला तो गॅस आजचा की कालचा? अशा बाईला देवानं नोकरी दिली ती तपासणीची. नागापूरच्या एमआयडीसीत टिपरचे आणि साखर कारखान्यांचे हायड्रॉलिक जॅक बनवणारी आमची छोटी कंपनी. माल बाहेर पडण्याआधी तो मोजायचा आणि ‘ठीक’ म्हणून खाली सही करायची, हे माझं काम. आमच्या घराण्यात तीन पिढ्या शाळामास्तर, त्यामुळे दुसऱ्याची चूक लाल शाईनं दाखवण्याची हौस रक्तातच होती. स्वतःची दाखवायची वेळ आली तेव्हा मात्र हबीबचाचा नसते तर मी ती शाई तशीच वाळू दिली असती.

चाचा माझ्याहून घाबरट होते. फरक इतकाच, की त्यांची भीती दिवसभर काम करायची आणि माझी नुसती बसून खायची.

भिंगारचा माणूस. साठी उलटलेली, अंगानं काटकुळा, छातीपर्यंत आलेली दाढी मेंदीनं लालभडक केलेली. लेथवर त्यांच्याइतका जुना हात आमच्या शेडमध्ये दुसरा नव्हता. त्यांचे वडील कॅन्टोन्मेंटमध्ये पखाली शिवायचे. रेड्याच्या पाठीवरून पाणी वाहून नेण्याच्या त्या चामड्याच्या पिशव्या आता कुणी पाहिल्याही नसतील. चाचा म्हणायचे, “बापानं जनमभर पाणी आत कोंडलं, मी बाहेर कोंडतो. धंदा एकच हाय मॅडम. पाण्याला वाट द्यायची न्हाई.”

पाणी बाहेर कोंडायचं म्हणजे काय, ते सांगते. जॅक बनवता बनवता आमच्या मालकांना एक वेगळंच काम मिळालं होतं. किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉक्टरबाई समुद्राच्या तळाशी यंत्रं ठेवत. तळाचं पाणी किती थंड, किती खारट, कुठून कुठं वाहतं, हे ती यंत्रं वर्षभर टिपत राहायची. त्या यंत्रांना पाण्यापासून वाचवायला टायटॅनियमचं जाड नळकांडं लागतं. कमरेएवढं उंच, मांडीएवढं जाड, एका तोंडाला झाकण. हे नळकांडं आम्ही बनवत होतो. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. चाचा त्याला डबा म्हणायचे, म्हणून सगळे डबाच म्हणायचे.

समुद्रापासून इतक्या लांब, जिथं उन्हाळ्यात टँकरच्या आवाजानं माणसं जागी होतात, तिथं समुद्राच्या तळाचे डबे बनत होते. याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. चाचांना एक शंका मात्र होती. पहिल्याच भेटीत त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं, “बाई, आमच्या पाथर्डीकडं पाऊस का पडत न्हाई, ते ह्या डब्यात लिहून येनार का?”

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “थोडं थोडं येईल चाचा. पण डबा कोरडा राहिला तर.”

तेवढं एक वाक्य चाचांना आयुष्यभर पुरलं.

डब्याचं सगळं मर्म झाकणात. झाकणाच्या कडेला दोन खाचा, आणि दोन्ही खाचांत एकेक काळी रबरी रिंग. चुलीवरच्या कुकरला असते तशीच, फक्त बारीक. वर अडीच किलोमीटर पाणी उभं असतं. त्याला आत शिरू न देणाऱ्या त्या दोन रिंगा. खाचेत एखादा ओरखडा राहिला, धुळीचा कण बसला, नुसता एक केस अडकला, तरी पाणी तेवढ्या वाटेनं आत येतं. लगेच येत नाही. महिन्याला एक थेंब, दोन थेंब. आणि खारं पाणी सर्किटवर पडलं की वर्षभराचं लिहिलेलं सगळं पुसून जातं.

म्हणून डबा बंद करायचा दिवस आमच्याकडे लग्नासारखा असे, फक्त गडबड नसलेल्या लग्नासारखा. पंखे बंद. दार बंद. बोलणं बंद. हात पुसायचं कापसाचं वेस्ट टेबलापासून लांब. चाचा दाढीवर एक पांढरं फडकं गुंडाळून डोक्यामागं गाठ मारत, दाढीचा केस गळून खाचेत पडू नये म्हणून. दात दुखणाऱ्या माणसासारखे दिसत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. चाचांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दाराबाहेर जाऊन हसून आले.

मग ते डोळे मिटत आणि उजव्या अंगठ्याचं नख खाचेतून फिरवत. सावकाश, एकच फेरी. “डोळा फसतो मॅडम,” ते म्हणत, “नख फसत न्हाई.” रिंग बसवायला बांबूची कामटी, कारण लोखंड लागलं तर ओरखडा. रिंगेला ग्रीस लावायचं तर “फुलक्याला तूप लावतो तेवढंच. पुरनपोळीला लावतो तेवढं न्हाई.” सगळं झालं की कपाळाला हात लावून काहीतरी पुटपुटत आणि पंखा लावायला सांगत. मग कुठं आम्ही श्वास सोडायचो.

सुरुवातीच्या काळात एक डबा चाचणीतच गळला. चाचणी म्हणजे आमच्याकडे एक जाड पोलादी नळी होती, तिला आम्ही तोफ म्हणायचो. तिच्यात पाणी भरून डबा आत सोडायचा आणि समुद्राएवढा दाब सहा तास द्यायचा. डबा गळल्यावर आमच्या मॅनेजरनी रिंगा पुरवणाऱ्याला फैलावर घेतलं आणि सगळ्या रिंगा बदलायला लावल्या. चाचा तोवर खाचेत नख घालून बसले होते. त्यांना केसाएवढा ओरखडा सापडला. लेथच्या पात्याचा, म्हणजे आमच्याच घरातला. “आजार रेड्याला आनि इंजेक्शन पखालीला,” चाचा म्हणाले. “ही म्हन आमच्याच खानदानातली हाय साहेब, म्हणून सांगतो.” आणि मग, कुणी विचारलं नसताना, “पातं मीच लावलं हुतं.”

चाचांनी समुद्र कधीच पाहिला नव्हता. डॉक्टरबाईंनी दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा त्यांनी काहीतरी कारण काढलं. पहिला डबा वर्षभरानं समुद्रातून परत आला तेव्हा मात्र ते त्याच्याभोवती दोनदा फिरले, बाहेरून बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर जिभेला लावलं. “मायला, खरंच खारट हाय की!” शेडभर हशा पिकला. पुढे कित्येक दिवस पोरं जेवणाच्या डब्यातली भाजी अळणी लागली की म्हणायची, चाचांचा डबा आणा रे.

डॉक्टरबाई आल्या की चाचा त्यांना चहा देऊन जुन्या गोष्टी काढायला लावत. ही यंत्रं नव्हती तेव्हा लोक काय करत होते? बाईंनी सांगितलं, की जहाजावरून शिशाचं वजन दोरीला बांधून सोडायचे. किती दोरी गेली ते पसरलेल्या हातांनी मोजायचं, इतके वाव म्हणून. शिशाच्या बुडाला खळगा करून त्यात चरबी भरायची, म्हणजे तळाची वाळू, माती, शिंपले तिला चिकटून वर येत. नुसती खोली नाही, खाली काय आहे तेही कळायचं. पुढे तारा आल्या. मग आवाज आला. वरून खाली हाक मारायची आणि उत्तर किती वेळानं येतं ते मोजायचं.

“म्हंजे विहिरीत ओरडतो तसं,” चाचा म्हणाले.

“अगदी तसंच.”

पुढच्याच आठवड्यात चाचांनी शिशाचं एक वजन ओतलं, बुडाला खळगा केला, खाटकाकडून चरबी आणली आणि बहिणीच्या गावी गेले. दाजींच्या विहिरीची त्या गावात मोठी ख्याती. आठ परस खोल, म्हणजे आठ पुरुष उंचीची, असं दाजी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. चाचांनी काठावर उभं राहून दोरी सोडली. साडेपाच परसांवर वजन टेकलं. वर आलेल्या चरबीला काळा गाळ आणि हिरव्या बांगडीची काच चिकटली होती. दाजींनी दोन ईद जाईपर्यंत त्यांच्याशी धड बोलणं केलं नाही. चाचा मात्र काळजीत. “विहीर आठच हुती मॅडम. अडीच परस गाळ हाय. मानसाला वाटतं आपल्याकडं पानी हाय, आनि खाली गाळ भरत जातो. सांगनार कोन? दाजीला आवडलं न्हाई, पन मी सांगितलं.” ते वजन नंतर त्यांच्या लेथवर कागद उडू नये म्हणून ठेवलेलं असे.

त्याच्या शेजारी एक थर्माकोलचा ग्लास. आमच्या गेटवरच्या चहावाल्याकडचा साधा ग्लास. चाचांनी त्यावर पेनानं आपलं नाव लिहून दिलं होतं आणि डॉक्टरबाईंनी तो जाळीत बांधून डब्याबरोबर खाली सोडला होता. परत आला तो शिंप्याच्या बोटातल्या अंगुस्तानाएवढा होऊन. ग्लासाचा आकार तोच, फक्त पाण्यानं दाबून दाबून एवढासा केलेला, आणि त्यावरचं ‘हबीब’ मुंगीच्या अक्षरात. बाकीच्यांना गंमत वाटली. चाचांची त्या दिवशी जेवणावरून वासना उडाली. “एवढा दाब,” ते पुन्हा पुन्हा ग्लास फिरवून बघत होते. “एवढा दाब माझ्या दोन रिंगांवर.”

आता त्या डब्याची गोष्ट.

दिवाळी नुकतीच झाली होती. डबा तयार झाला, तोफेत सहा तास राहिला, कोरडा निघाला. मी चाचणीच्या कागदावर सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो बंदराकडे निघायचा होता, जहाज मध्यरात्रीनंतर थांबणार नव्हतं. सकाळी अकराला डॉक्टरबाईंच्या माणसाचा फोन आला. आतल्या यंत्राचं घड्याळ चुकीचं लावलं गेलंय. वर्षभराच्या सगळ्या नोंदींची वेळ चुकेल. डबा उघडा.

उघडला. घड्याळ नीट केलं. चाचांनी दाढी बांधली, पंखे बंद झाले, नव्या रिंगा आल्या. डोळे मिटून नख फिरवलं. एक फेरी. मग दुसरी. मग तिसरी. मला वाटलं, आज चाचा जास्तच जपून करतायत. झाकण बसलं.

नियमानं आता डबा पुन्हा तोफेत जायला हवा होता. सहा तास. टेम्पोवाला गेटवर हॉर्न वाजवत होता. मॅनेजर म्हणाले, “कालची टेस्ट आहे ना? डबा तोच, झाकण तेच, हात तोच.” मी चाचांकडे बघितलं. चाचा बोलले नाहीत. मी कालच्या कागदावर आजची तारीख घातली. गॅस तीनदा बघणाऱ्या बाईनं ही गोष्ट एकदाही बघितली नाही.

तीन आठवड्यांनी जहाज बंदरात परतल्यावर डॉक्टरबाईंचा मेसेज आला, ‘डबा सोडला. व्यवस्थित बसला. आता पुढच्या वर्षी.’ त्याच दुपारी मी चाचांच्या लेथजवळ उभी होते. लेथवरून धातूचा निळा झालेला तापलेला कीस उडत होता. त्यातला एक वळलेला तुकडा त्यांच्या उजव्या अंगठ्यावर येऊन बसला आणि बसूनच राहिला. मला जळक्या कातडीचा वास आला. चाचा कामात होते.

“चाचा! अंगठा!”

त्यांनी बघितलं. तुकडा झटकला. खाली कातडी पांढरी पडून वर आली होती. मग माझ्याकडे बघितलं, आणि मला सगळं कळलंय हे त्यांना कळलं.

कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसून त्यांनी सांगितलं. शुगर. बरीच वर्षं. आधी पायाची बोटं गेली, मग हाताची. “बोटं झोपल्यात मॅडम. डावी आधी. उजवीला थोडं थोडं कळत हुतं. म्हणून बोललो न्हाई. वाटलं, एवढं वर्स जाईल.” थोड्या वेळानं म्हणाले, “त्या दिवशी नख तीनदा फिरवलं. नखानं काय सांगितलं, मला ऐकूच आलं न्हाई.”

मी विचारलं, “मग तुम्ही डबा का बंद केलात?”

“तुमी सही का केली?”

हे त्यांनी टोमण्यानं नाही, खरंच विचारलं. मग ते म्हणाले, “बाईंना फोन लावा. सांगून टाकू.”

आणि मी त्यांना थांबवलं. हे मी लिहून ठेवते, कारण हे माझंच आहे. मी म्हणाले, चाचा, डबा तळाला बसलाय. जहाज परत आलंय. आता सांगून तो वर येणार आहे का? बाईंना वर्षभर झोप लागणार नाही. तुमचं काम जाईल, माझी नोकरी जाईल. कोरडा निघाला तर कुणाला काही कळायचं कारणच नाही. मी खूप बोलले. चाचा ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “तुमी शिकलेल्या हाव.” मला तेव्हा तो होकार वाटला.

चाचांनी त्या दिवसापासून डबा बंद करायचं काम सोडलं. मॅनेजरना डोळ्यांचं कारण सांगितलं. आणि माझा अंगठा हातात घेऊन, शाळेत तपासतात तसं माझं नख बघितलं. “वाढवा थोडं. रंग लावू नका.” मग रोज दुपारी जेवण झालं की शिकवणी. चाचा दाढीचा एक लाल केस उपटायचे, एखाद्या जुन्या झाकणाच्या खाचेत कुठंतरी ठेवायचे आणि मला डोळे मिटून तो शोधायला लावायचे. सुरुवातीला मला काहीच लागत नसे. महिन्याभरानं केस लागायला लागला. पुढे अर्धा केससुद्धा. मी ‘इथं’ म्हटलं की चाचा खूश व्हायचे आणि लगेच त्यांचा चेहरा पडायचा. का पडायचा ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी खाचेत काही असतं तर जागत्या बोटाला ते एवढ्या सहज कळलं असतं.

ते वर्ष सरता सरेना. मी रात्री उठून गॅस बघायची तशी दिवसा मोबाईल बघायला लागले. चाचा सकाळी आल्या आल्या विचारत, “काय मेसेज?” तळाशी पडलेला डबा मेसेज करत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. कुठं वादळाची बातमी आली की चाचा म्हणत, “खाली काय फरक पडत न्हाई वादळाचा,” आणि पाच मिनिटांनी, “पडतो का हो?”

त्यांनी घरी आणखी एक उद्योग करून ठेवला होता, तो मला आषाढात कळला. भिंगारच्या घराच्या गच्चीवर पाण्याचा ड्रम, त्यात पाच किलो मीठ, आणि त्या खाऱ्या पाण्यात एक छोटा डबा. त्याच झोपलेल्या बोटांनी, त्याच पद्धतीनं बंद केलेला. आपल्या हातचं किती खात्रीचं राहिलंय ते बघायला. वर्षभर ठेवायचा म्हणून ठेवला आणि धीर न धरवून सात महिन्यांनीच उघडला. दुसऱ्या दिवशी कामावर आले ते कागदासारखे पांढरे.

“उघडला काल. आत बोट घातलं. बोटाला कळलं न्हाई, ओलं का सुकं. मग जिभेला लावलं.” ते थांबले. “खारट.”

मग तेच मला ‘खरंच मॅडम, खरंच’ म्हणत समजावू लागले. ड्रममध्ये दाब नसतो. दाब नसला की रिंग ढिली बसते, खोल पाण्यात दाबानंच ती घट्ट होते, समुद्र स्वतःच झाकण दाबून धरतो. सगळं खरं होतं. मी ते पुस्तकातही वाचलेलं होतं. पण ज्या माणसाला ते स्वतःला पटलंय तो इतक्यांदा ‘खरंच’ म्हणत नाही.

दिवाळी परत आली आणि गेली. एका सकाळी डॉक्टरबाईंचा मेसेज आला, ‘हाक मारली. सुटला. वर आलाय.’ जहाजावरून आवाजाची खूण खाली पाठवली की डबा त्याला तळाशी धरून ठेवणाऱ्या वजनाची कडी सोडतो आणि तरंगत वर येतो. मी मोबाईल घेऊन धावत चाचांकडे गेले. त्यांनी मेसेज मला दोनदा वाचायला लावला. “कोरडा हाय असं लिवलंय का?” नव्हतं लिहिलं. जहाजावर ओल्या हातांनी डबा उघडायचा नाही असा बाईंचा नियम, तो तसाच बंद आमच्याकडे येई.

पाचव्या दिवशी डॉक्टरबाई स्वतः टेम्पोबरोबर आल्या. डबा टेबलावर ठेवला. अंगावर गाळाचे डाग आणि मिठाची पांढरी पुटं. मी हळूच म्हटलं, काट्यावर तोलून बघू का, आत पाणी असेल तर वजन वाढलं असेल. चाचा म्हणाले, “दोन थेंब काट्याला कळत न्हाईत. सर्किटला कळत्यात.”

त्या दिवशी ते दाढीला फडकं बांधूनच आले होते. भिंगारपासून नागापूरपर्यंत, सगळ्या गावातून, स्कूटरवर. बोटांना गाठ मारता येत नव्हती, म्हणून चाचीनं घरीच बांधून दिली होती. डबा बंद करायचा नव्हता, उघडायचा होता, तरी बांधली होती.

मी पाना हातात घेतला तेव्हा चाचांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“थांब पोरी.” इतक्या वर्षांत त्यांनी मला मॅडमशिवाय हाक मारली नव्हती. “आधी बाईंना सांगायचं.”

“चाचा, उघडू तर दे. कोरडा असला तर…” घाबरून मीही त्यांना एकेरीत बोलले, हे नंतर लक्षात आलं.

“म्हणूनच आधी. कोरडा निघाल्यावर सांगितलं तर फुशारकी. ओला निघाल्यावर सांगितलं तर सापडलो म्हणून सांगितलं. आत्ता सांगितलं तरच ते सांगनं.”

आणि फडक्यातून, तोंड अर्धं झाकलेलं, त्यांनी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. बोटं, तीन फेऱ्या, गच्चीवरचा ड्रम, सगळं. माझं नाव घेतलं नाही. दुसऱ्यांदा चाचणी झाली नाही हेसुद्धा असं सांगितलं, जसं काही तोफ त्यांच्याच ताब्यात होती. मी खाली बघत होते. एका क्षणी मला माझाच इतका राग आला की आवाज चढूनच बाहेर पडला, “कागदावर सही माझी आहे. आणि वर्षभर त्यांना गप्प मी बसवलं.”

डॉक्टरबाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. त्या डब्यासाठी त्यांनी किती वर्षं कुणाकुणाच्या दारात चपला झिजवल्या होत्या ते आम्हाला माहीत होतं. शेवटी एवढंच म्हणाल्या, “जहाज सुटायच्या आधी कळवलं असतंत तर मी थांबवलं असतं त्याला.” मग म्हणाल्या, “उघडा.”

पंखे बंद झाले. मी झाकण सोडवलं. पाना दोनदा निसटला. झाकण निघालं, आणि मला आत बघवेना. खरंच बघवेना. चाचा पुढे आले. त्यांनी आधी डब्याच्या बाहेरून बोट फिरवलं, जिभेला लावलं, मान हलवली. बोट सदऱ्याला नीट पुसलं. मग ते आत घातलं आणि भिंतीवरून सावकाश फिरवलं, एकच फेरी, डोळे मिटून, पूर्वी नख फिरवत तसं. फडकं खाली ओढलं. बोट जिभेवर ठेवलं.

चाचा बोट तोंडात धरून उभे राहिले.

“अळनी,” चाचा म्हणाले.

डॉक्टरबाई मटकन स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या. मीही. मॅनेजर पंखा लावा म्हणून ओरडले, पेढे आणा म्हणाले, काय काय म्हणाले. चाचांनी फडकं पुन्हा वर ओढलं आणि माझं रजिस्टर पुढे सरकवलं.

“लिवा.”

“काय लिहू? कोरडा निघाला ना चाचा.”

“डबा कोरडा निघाला. चूक कुठं कोरडी झाली? लिवा, की दुसऱ्यांदा तपासला न्हाई. बंद करनाऱ्याच्या बोटांत जान नव्हती. उद्या दुसरं कुनी घाईत आलं तर त्याला वाचायला पायजे.”

मी लिहिलं. लाल शाईनं. खाली दोघांची सही. चाचांचं पेन घसरत होतं, मी कागद धरून ठेवला.

त्या कागदाचं पुढे काय व्हायचं ते झालं. मला मेमो मिळाला, नोकरी राहिली. चाचा मात्र त्याच दुपारी घरी गेले, आणि नंतर कामावर आले नाहीत. लेथवरचं शिशाचं वजन आणि तो अंगुस्तानाएवढा ग्लास त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला होता. आजही मी डबा बंद करते तेव्हा ते समोर असतात, आणि दुसऱ्यांदा उघडलेला डबा दुसऱ्यांदा तोफेत जातो, जहाज थांबो न थांबो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी गेटकडे जाताना. स्कूटर ढकलत, पाठमोरे. दाढीवर फडकं तसंच. वॉचमन हसून म्हणाला, “चाचा, सोडा की ते, झालं ना काम.” चाचांनी एक हात मागं नेऊन गाठ चाचपली, बोटं दोनदा तिच्यावरून फिरली, आणि त्यांनी हात खाली घेतला. मी धावत जाऊन सोडून देऊ शकले असते. माझं नख तेव्हा चांगलं तयार झालेलं होतं. पण गाठ चाचीनं बांधलेली होती, आणि ते तसेच भिंगारकडे गेले, ती सोडवून घ्यायला.